निंदेचं इमान

आत्या आपल्या पाठीमागे काय बोलल्या हे आमच्या सोसायटीत कुणालाही तिसऱ्या माणसाकडून कळायचं नाही. ते सांगायला आत्या स्वतः यायच्या. सकाळी बेल वाजायची. दारात काठापदराचं लुगडं, पदराखाली झाकलेली वाटी, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच पहिलं वाक्य : "काल तुझ्यामागं मी बोलले बरं का. कानावर घालून जाते." मग जे बोलल्या असतील ते, एक कानामात्रा न बदलता, पुन्हा एकदा बोलून दाखवायच्या. ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की वाटी पुढं करायच्या. वाटीत कधी खरवस असायचा, कधी हिरव्या मिरचीचा ठेचा. कुणाला काय द्यायचं हे बहुधा आदल्या दिवशी किती वाईट बोललं गेलं त्यावर ठरत असावं. कारण एकदा माझ्या वाट्याला अख्खी पुरणपोळी आली होती, आणि त्यानंतर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

"मागं बोलल्याबिगर डोकं चालत न्हाई, आन् तोंडावर सांगितल्याबिगर डोळा लागत न्हाई," हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. आम्ही धाराशिवकडचे. चिखलीतल्या या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो होतो, खोकीसुद्धा सुटली नव्हती. आत्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काल जिन्यात मी म्हणाले, नवीन बिऱ्हाडातली बाई सकाळी डबा घेऊन पळती आन् गडी दिवसभर पंखा लावून घोरतो. बाईनं बैल पाळलाय, पण औताला जुंपायचा इसरली." मी चिडले. म्हटलं, "अहो, त्यांची थर्ड शिफ्ट आहे चाकणला. रात्रभर उभे असतात मशीनवर." आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगं मंग आधी सांगायचं न्हाईस व्हय!" त्याच दिवशी त्यांनी सगळ्या मजल्यांवर जाऊन आपली निंदा परत घेतली. इतकी कसून परत घेतली, की दुसऱ्या दिवसापासून आमच्या खिडकीखालचं क्रिकेट बंद झालं, भाजीवाला आमच्या गेटसमोर ओरडेनासा झाला आणि कुकरची शिट्टी वाजली तरी शेजारच्या काकू दिलगिरी व्यक्त करायला येऊ लागल्या. नवऱ्याला दिवसा इतकी शांत झोप लागू लागली, की तो म्हणाला, "त्या बाईंना सांग, माझ्याबद्दल अजून काही बोलायचं असेल तर बोला."

आत्या मूळच्या चिखलीच्या. आमची सोसायटी जिथं उभी आहे तिथं पूर्वी त्यांच्या माहेरची ज्वारी व्हायची. भाच्यांनी जमीन बिल्डरला दिली, त्यातून त्यांना फ्लॅट मिळाले आणि पहिल्या मजल्यावरचा एक आत्यांच्या वाट्याला आला. "हा जिना माझ्या बांधावर हाय," असं म्हणून त्या खालच्या पायरीवर मेथी निवडत बसायच्या आणि जाणारायेणाराला तिथं थांबून बांधावरचा कर द्यावा लागायचा. कर म्हणजे बातमी.

हसू ओठावर आवरत नाही अशा वयात त्यांचा नवरा गेला होता. माहेरी परत आल्या तेव्हा नात्यातल्या एका पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना समोर बसवून सांगितलं, की आता जीभ मारायची, पोट मारायचं आणि मन मारायचं. हे एकदाच त्यांनी मला सांगितलं, तेही मेथीची पानं खुडता खुडता. "मी त्येला इचारलं, तात्या, तिन्ही मारल्यावर उरतं काय? लुगडं! मग लुगडंच ठेवा की घडी घालून, मला कशापायी जिती ठेवता?" तात्यांनी काय उत्तर दिलं, हे मी विचारलं. "ते काय देणार? तवापासनं मला बघितलं की पोथी मिटायचे."

देवाशी मात्र त्यांचं भांडण नव्हतं. रोज सकाळी देव लखलखीत घासायच्या, त्यांनाही रात्रीच्या बातम्या सांगायच्या. "देव शहाणा हाय. त्यानं माणूस घडवला तो बघूनसवरून घडवला. मागनं आलेल्यांनी त्येला कानस मारायला घेतली. ह्यो राग घास, ती हाव घास. अगं, समदे कोपरे घासले तर वस्तू हातात धरायची कुठं?" समोरच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर लोखंडावर कानस चालायची. तिचा करकर आवाज या तत्त्वज्ञानाला कायम साथीला असायचा.

एकादशीला आत्या पायरीवर बसून, चारचौघांसमोर, बाजरीची भाकरी खायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "रोज मला भाकरीची दोनदा आठवण येती. उपास धरला की दिवसभर दुसरं काय आठवतच न्हाई. मंग ते भाकरीचं ध्यान झालं का देवाचं?" यावर आमच्या मजल्यावरच्या काकूंनी, म्हणजे त्या कुकरच्या शिट्टीवाल्याच काकूंनी, हातातली साबुदाण्याच्या वड्याची बशी हळूच पदराआड घेतली होती. त्यांचा तो चौथा वडा होता, हेही आत्यांनीच नंतर सगळ्यांना, आणि मग काकूंना, सांगितलं.

आमचे चेअरमन म्हणजे एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर शिट्टी वाजवून माणसं कामाला लावलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवायचे. एका श्रावणात त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रवचनांचा सप्ताह ठेवला. बुवा तरुण होते. आवाज मधाळ, गळ्यात उपरणं, कोमट पाण्याचा तांब्या शेजारी. विषय षड्रिपूंचा. पहिले सहा दिवस रोज एक शत्रू ठार मारायचा आणि सातव्या दिवशी समारोप.

आत्या पहिल्या रांगेत बसल्या. पहिल्या दिवशी काम. बुवा म्हणाले, "काम हा अग्नी आहे, तो माणसाला जाळतो." आत्या म्हणाल्या, "चुलीत हाय तवर भाकर भाजतो, बुवा. तुमी चूलच फोडाया लावताय. आन् आपण समदे इथं आलो ते काय मंत्रानं?" हॉलमधली नवी जोडपी खाली बघू लागली, जुनी हसू लागली. बुवांनी पाणी घेतलं. क्रोधाच्या दिवशी आत्यांनी विचारलं, की राग गेला तर टँकरवाल्याला फोन कोण करणार? लोभाच्या दिवशी त्या मागं वळून सगळ्यांकडं हात करून म्हणाल्या, "बुवा, ह्यांस्नी लोभ नसता तर हितं माझी ज्वारी असती आन् ही समदी आपापल्या गावाला असती. तुमाला ऐकायला कोण आलं असतं?" मोहाच्या दिवशी तर बुवा बोलायच्या आधीच त्यांच्याकडं बघत होते. आत्या म्हणाल्या, "बोला, बोला. मी शेवटाला बोलते."

मला वाटतं, बुवांना त्या आवडू लागल्या होत्या. पण चेअरमनना नाही. त्यांनी मनाशी ठरवलं, की सोसायटीतला खरा शत्रू सहांच्या यादीत नाहीच, तो पायरीवर मेथी निवडत बसतो. सातव्या दिवशी त्यांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं : आजपासून दिवाळीपर्यंत आपली सोसायटी निंदामुक्त. कुणी कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही आणि बोललेलं ऐकायचंही नाही. ज्याच्या तोंडून निंदा निघेल त्यानं खालच्या गणपतीसमोरची घंटा वाजवायची. सगळ्यांनी ओंजळीत पाणी घेऊन शपथ घेतली. मीही घेतली, नवऱ्यानंही घेतली. आत्यांनी ओंजळीतलं पाणी पिऊन टाकलं. "मला तहान लागली हुती," म्हणाल्या.

पहिले चार दिवस घंटा अशी वाजत होती, की रस्त्यावरची माणसं आरती आहे समजून चपला काढून आत यायची. मग हळूहळू ती थंडावली आणि आमच्यावर एक विचित्र शांतता उतरली. बायका जिन्यात भेटायच्या, एकमेकींकडं बघून हसायच्या, "ढग आलेत" म्हणायच्या, "हो, आलेत" म्हणायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. मेथी निवडायला कुणी खाली येईना. ग्रुपवर नुसत्या फुलांच्या चित्रांवरच्या शुभ सकाळी. मला शेजारच्या घरात काय चाललंय ते कळेना. काकूंचे मिस्टर आठवडाभर तापानं फणफणले होते हे मला ते बरे होऊन दूध आणायला निघाले तेव्हा समजलं. "सांगायचं नाही का?" मी म्हटलं. काकू म्हणाल्या, "ताप त्यांनी भिजून ओढवून घेतलेला. सांगायचं तर ते आधी सांगावं लागलं असतं. ती निंदा झाली असती."

पण माणसाची जात. पंधरवड्यात पळवाट सापडली. शपथ निंदेची होती, स्तुतीला मोकळीक होती. कुणीतरी सुरुवात केली आणि मग आमच्याकडं स्तुतीचा पूर आला. "खालच्या मजल्यावरच्या साहेबांचं कौतुक करावं तेवढं थोडं. दुसऱ्याच्या जागेत गाडी लावायला हिंमत लागते." "सेक्रेटरींची स्मरणशक्ती काय दांडगी! मीटिंगमध्ये स्वतःच दिलेला शब्द सोडून त्यांना सगळं आठवतं." आत्या पायरीवरून हे ऐकायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. "ह्येच्यापरीस शिव्या बऱ्या," म्हणायच्या. "पाणी अडीवलं की ते बिळातनं निघतं, आन् बिळातनं निघालेलं पाणी गढूळ."

अशात चेअरमनच्या मुलीला, रेश्माला, स्थळ आलं. रेश्मा पिंपरीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. सोसायटीतल्या सगळ्यांची रक्तं तिनं कधी ना कधी काढलेली. मुलगा चाकणच्या कंपनीत कायम, स्वतःची गाडी, आणि चेअरमनना सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मुलाची आई. अत्यंत धार्मिक बाई. घरात कांदा-लसूण नाही. "असं सोवळं घर आजकाल कुठं मिळतं?" चेअरमन सगळ्यांना सांगत होते. साखरपुडा आठ-दहा दिवसांवर ठेवला.

चेअरमनच्या बायकोनं मुलाचा फोटो मंगलताईंना दाखवला. मंगलताई म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या. त्या हातशिलाई करत होत्या. फोटो बघितला आणि त्यांच्या बोटात सुई गेली. आत्या तिथंच बसल्या होत्या. चेअरमनची बायको गेल्यावर त्या म्हणाल्या, "मंगल, सुई घुसली आन् तोंडातनं हूं न्हाई. काय गिळलंस?"

"आत्या, मला काही विचारू नका. मी शपथ घेतलीय."

"बरं, न्हाई इचारत. त्या पोराला आधी पाहिलंस का, तेवढंच सांग."

"पाहिलंय."

"कुठं?"

"ते सांगितलं तर घंटा वाजवावी लागेल."

आत्या तिथून उठल्या त्या थेट आमच्याकडं आल्या. नवरा नुकताच झोपून उठला होता. आत्यांनी त्याच्यासमोर मुलाचं नाव आणि कंपनी टाकली. नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. हा माणूस शपथ न घेताही कुणाबद्दल बोलत नाही, तेव्हा शपथ घेतल्यावर तर भिंतच. तो शब्द निवडून म्हणाला, "तो आमच्याच लाइनला आहे. पेढे चांगले असतात त्याचे."

"कसले पेढे?"

"लग्नाचे. मागच्या वर्षी वाटले होते."

"कुणाच्या लग्नाचे?"

नवरा माझ्याकडं बघू लागला. मी म्हटलं, "अहो, बोला की!" तो म्हणाला, "मी त्याच्याबद्दल वाईट बोलत नाहीये. पेढे खरंच चांगले होते. त्याच्याच लग्नाचे."

"बघ, बाय," त्या मला म्हणाल्या, "एकेकाच्या पोटात एकेक घास हाय, आन् पोरगी मधल्या मधी उपाशी मरतीय. ह्येला पुण्य म्हणायचं का?"

मला वाटलं, आता त्या जिन्यातूनच ओरडत सुटतील. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सुट्टी काढायला लावली आणि आम्ही बसनं कासारवाडीला गेलो. मंगलताईंनी त्याच्या पहिल्या बायकोचं माहेर कुठं ते सांगितलं होतं, अर्थात स्तुतीच्या वाटेनं : "फार छान मुलगी, स्टेशनजवळ राहते." बसमध्ये मी म्हटलं, "आत्या, एवढी खात्री झाल्यावर कशाला?" त्या चिडल्या. "निंदेला बी इमान लागतं. ऐकलेलं सांगायचं ते चघळायला. पोरीचं लगीन मोडायचं म्हंजी डोळ्यानं बघावं लागतं."

मुलीच्या आईनं दार उघडलं. आत्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मुलगी आतून आली, आमच्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "कागदावर मी अजून त्यांची बायकोच आहे. कोर्टात तारखा चालू आहेत." मुलगा कसा आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, "वाईट नाही हो. आईला विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नाहीत, एवढंच." सासूनं तिला वारांचे उपास धरायला लावले होते. मग व्रतं वाढत गेली. घराची पुण्याई सुनेच्या पोटावर असते म्हणे. शेवटी ती एकदा कामावर चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यातून परस्पर माहेरी आली. "परत जायचं तर आधी चुकीचं प्रायश्चित्त म्हणून उपास करायला सांगितलाय," ती म्हणाली, आणि अचानक तिचं तिलाच हसू फुटलं. आत्याही हसल्या. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या आईला म्हणाल्या, "पोरीला कांदाभजी करून घाला." येताना बसमध्ये आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

घरी आल्या आल्या त्या चेअरमनकडं गेल्या. मीही मागं होते. "चेरमन, त्या पोराबद्दल मला बोलायचंय."

"चांगलं की वाईट?"

"वंगाळ."

चेअरमननी दोन्ही कानांवर हात ठेवले. खरोखर ठेवले. "आत्या, निंदा ऐकणं हेही पाप. मीच नियम केला, मीच मोडू? सोसायटी काय म्हणेल?"

"अवो, पोरगी तुमची हाय!"

"देव बघून घेईल."

"देवानं बघितलं म्हणून तर मी आले," आत्या म्हणाल्या. पण चेअरमन कान झाकून मोठमोठ्यानं जप करायला लागले होते.

रेश्मा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आम्ही बाहेर पडलो तशी ती चपला न घालताच मागून जिन्यात आली. आत्यांनी तिला सगळं सांगितलं. ती कठड्याला टेकली. मग म्हणाली, "तरीच. फोन केला की नेहमी त्याची आईच उचलते." तिचे डोळे भरले होते, पण रागानं. "मी नाही म्हटलं तर पप्पा म्हणतील, कुणीतरी कान भरले. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. आणि निंदा तर ते ऐकणार नाहीत." ती थांबली. खालून स्तुतीचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी काटकसरीची वाखाणणी करत होतं. रेश्मा ऐकत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "आत्या," ती म्हणाली, "मग आपण स्तुती करू या ना."

साखरपुड्याला हॉल भरला होता. मुलाची आई रेशमी साडीत, हातात जपमाळ. मुलगा गोरागोमटा, तिच्या शेजारी. आशीर्वादाला बुवांना मुद्दाम बोलावलं होतं. सुपारी फुटायच्या आधी आत्या उठल्या. "बुवा, आमची सोसायटी निंदामुक्त झाली, आता स्तुती कशी करत्यात ते पावण्यांना दावतो. परवानगी हाय?" बुवा आनंदले. चेअरमनही आनंदले. त्यांना वाटलं, आत्या अखेर सुधारल्या.

आधी मंगलताई उठल्या. "मुलगा फार दिलदार. मागच्या वर्षी लग्नाआधी होणाऱ्या बायकोला स्वतः घेऊन माझ्याकडं आले आणि तिच्या आवडीच्या रंगाचे सगळे ब्लाऊज शिवून घेतले. अस्तराला नाही म्हणाले नाहीत." त्या बसल्या. मग माझा नवरा उठला. इतक्या लोकांसमोर तो पहिल्यांदाच बोलत होता. "पेढे," तो म्हणाला. "लग्नाचे. यांच्या. खव्याचे होते." आणि खाली बसला. मग मी उठले आणि मुलाच्या आईकडं बघून म्हटलं, "सासूबाई तर फारच सात्त्विक. पहिल्या सूनबाईंना त्यांनी इतके उपास शिकवले, की त्या चक्कर येऊन पडेपर्यंत धार्मिक झाल्या. आणि त्या अजून यांच्याच सूनबाई आहेत. कोर्टानंही नातं तोडलेलं नाही."

चेअरमनचे हात कानांकडं निघाले होते, पण अर्ध्यावर थांबले. कारण निंदा तर कुणी केलीच नव्हती. "हे... हे खरं आहे?" त्यांनी मुलाला विचारलं. मुलानं आईकडं बघितलं. आई जपमाळ ओढत म्हणाली, "ती आमच्यासाठी मेली." तेव्हा रेश्मा उठली. "काकू, मेलेल्या माणसाला कोर्ट तारखा देत नाही," म्हणाली, आणि तिनं सुपारीचं ताट उचलून शांतपणे आत नेऊन ठेवलं. पाहुणे निघून गेले. जिलेबी मात्र सगळ्यांनी खाल्ली. आत्यांनी दोनदा घेतली.

चेअरमन बुवांजवळ गेले. "बुवा, ही स्तुती होती की निंदा?" बुवांनी उपरण्याचं टोक चोळलं. मग म्हणाले, "चेअरमनसाहेब, मला पोथीत जे सापडतं ते मी सांगतो. हे पोथीत नाही." चेअरमन मान खाली घालून जिन्यापर्यंत आले, तिथं आत्या बसल्या होत्या. ते त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि एकदम रडायला लागले. आत्यांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "चेरमन, तुमच्यामागं मी आता लई बोलणार हाय. उद्या सकाळी येते सांगायला."

त्या संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा सगळ्या बायका मेथीची एक जुडीही हातात न घेता पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि महिन्याभराचा साठलेला ऐवज बाहेर पडत होता. निघता निघता बुवाही रेंगाळले. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "माउली, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांचं भांडण... मागच्या खेपेला कानावर आलं होतं... पुढं काय झालं?"

आत्यांनी सरकून जागा केली. "बसा बुवा. च्या घेता?"

बुवा बसले. चहा पिता पिता म्हणाले, की वर्षातले कितीतरी दिवस ते गावोगाव असतात, आणि घरी गेल्यावर आई चुलीपाशी बसवून सगळ्या गावाच्या भानगडी सांगते, तेव्हाच त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. "हे मी प्रवचनात कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "सांगू बी नगा," आत्या म्हणाल्या. "तुमचं पोट हाय त्येच्यावर." आणि दोघंही खदखदून हसले.

पुढं तीन-चार वर्षांनी आत्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आम्ही आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसायचो. त्यांना बातम्या सांगायचो. त्या डावी भुवई उचलायच्या, म्हणजे पुढं सांग. डोळे मिटायच्या, म्हणजे हे मला माहीत होतं. चेअरमन रोज संध्याकाळी यायचे आणि सगळ्यांत जास्त बातम्या तेच आणायचे. डॉक्टर म्हणाले होते, की बोलणं परत येण्याची आशा धरू नका.

रेश्मानं तोवर स्वतःचं स्वतः लग्न ठरवलं होतं. तिच्याच लॅबमध्ये नमुने पोचवणारा, नांदेडकडचा मुलगा. कांदा खाणारा. लग्नाच्या आधी ती त्याला आत्यांना दाखवायला घेऊन आली. तो बिचारा खाटेशेजारी वाकून उभा राहिला. रेश्मानं आत्यांचा हात हातात घेतला. "आत्या, हाच. कसा वाटतो?"

आत्यांनी त्याला न्याहाळलं. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपर्यंत. त्यांचे ओठ एका बाजूनं हलू लागले. आम्ही सगळ्याजणी पुढं झुकलो. घशातून घरघर आली, थांबली, परत आली. मग एक शब्द बाहेर पडला, आणि त्याच्यामागून, सगळा जोर लावून, दुसरा.

"नाक... वाकडं."

त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात गेल्या.

लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर मी मुद्दाम निरखून पाहिलं. नाक खरंच डावीकडं थोडं झुकलेलं होतं. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अक्षता संपल्यावर मी रेश्माच्या कानाशी लागून तसं म्हटलंसुद्धा.

"माहितीय," ती म्हणाली. "मला तेच आवडतं."